अडुळशाचा पाला: श्रावणातला आणि मार्गशीर्षातला एकच का?

बांधावरचा
नमस्कार मंडळी. गारगोटीच्या अलीकडं आमचं शेत आहे. ऊस, भात आणि चारी बांधांवर अडुळसा. आजोबांनी तो कुंपण म्हणून लावला, कारण शेळी वाटेल ते खाईल पण अडुळशाला तोंड लावत नाही. गेल्या वर्षी कळलं की वाळलेल्या पाल्याला औषधवाल्यांचं गिऱ्हाईक आहे. ऑगस्टमध्ये पाला नुसता उसळला होता, एकेक पान वीतभर. चार पोती भरून पाठवली. पंधरा दिवसांनी निरोप आला, 'माल गुणवत्तेत बसत नाही.' भाडं गेलं आमच्या खिशातनं. मग जानेवारीत त्याच झाडांची दोन पोती दुसऱ्या एकाला दिली, ती त्यानं बिनबोभाट घेतली.

आमची आजी म्हणायची, "दिवाळी झाल्याबिगर काढ्याला अडुळसा तोडायचा न्हाई. पावसातल्या पाल्यात नुसतं पाणी." तेव्हा हसायचो. आता हसू येईना. ऋतूप्रमाणं पानातलं औषध खरंच कमीजास्त होतं का? की मलाच कुणीतरी टोपी घातली? जाणकारांनी सांगावं.

कट_जास्त
भावा, ऑगस्टमध्ये कोल्हापुरात माणूस वाळत नाही, तू पाला कुठं वाळवलास?

रंकाळ्याची_संध्या
अडुळशाचं माहीत नाही, पण गवती चहाचं सांगते. परसात एक बेट आहे. जुलैत पाती हिरवीगार, कमरेएवढी, आणि चहात चार टाकली तरी वास येतो-न येतो. तेच मार्च-एप्रिलमध्ये पाती आखूड, टोकं करपलेली, पण अर्ध्या पातीत घर घमघमतं. कपिलतीर्थ मार्केटमधल्या पाल्याच्या मावशीसुद्धा पावसाळ्यात जुडी मोठी बांधतात. विचारलं तर म्हणाल्या, "वास कमी असतोय ताई, जरा जास्त घाला."

साखरशाळा
तीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे मला सगळीकडे ऊसच दिसतो. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेतात उभं आहे.

उसाचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी, बारा महिने सारखा असतो का? हंगाम सुरू होताना, दिवाळीच्या आगेमागे, कमी. थंडी पडली, रात्री गार आणि दिवसा लख्ख ऊन असं झालं की चढत जातो. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यात बारा टक्क्यांच्या पुढे जातो. एप्रिलच्या उन्हात परत घसरतो. जात तीच, रान तेच, शेतकरी तोच.

कारण असं की पाणी आणि युरिया भरपूर असेपर्यंत ऊस वाढण्यात गुंतलेला असतो. केलेली साखर तो नव्या कांड्या-पानांवर खर्च करतो. थंडीनं आणि पाण्याच्या ताणानं वाढ थांबली की साखर साठवायला लागतो. म्हणून तोडीआधी पाणी तोडतात. हे ज्याला कळतं त्याला अडुळसा कळायला वेळ लागू नये. तुमच्या आजींना बहुतेक उसावरूनच कळलं असेल.

बांधावरचा
साखरशाळा काका, हे एकदम डोक्यात बसलं. म्हणजे अडुळशाचाही उतारा असतो की!

रसायनवाली
शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी केलं, आता पुण्यात वनस्पतींच्या अर्कांच्याच कामात आहे. काकांचा दाखला आवडला, पण तो जसाच्या तसा अडुळशाला लावू नका. साखर हे झाडाचं जेवण आहे. अडुळशातलं मुख्य औषधी द्रव्य व्हॅसिसीन हे जेवण नव्हे, ते झाडाचं संरक्षण आहे. तुमची शेळी तोंड लावत नाही ना, ती बरीचशी त्याच्यामुळेच. हे अल्कलॉइड गटातलं, म्हणजे झाडं बनवतात त्या नत्र असलेल्या, बहुधा कडू द्रव्यांपैकी एक रसायन. खोकल्याच्या गोळ्या-सिरपमध्ये जे ब्रोमहेक्सिन असतं, ते याच व्हॅसिसीनच्या रचनेवरून १९६०च्या दशकात तयार झालं.

आता ऋतूचं. पानातली 'औषधं' एका जातीची नसतात, आणि ऋतू प्रत्येकाला वेगळं वागवतो.

तुळस, गवती चहा, निलगिरी यांचं औषध म्हणजे उडणारं तेल. ते पानावरच्या किंवा पानातल्या बारीक पिशव्यांमध्ये साठतं. तुळशीचं पान उन्हाकडे धरून भिंगातून पाहा, ठिपके दिसतील. ऊन, कोरडी हवा, थोडा ताण असला की तेल साधारणपणे भरतं. सततच्या पावसात पान फोफावतं, त्यामुळे तेवढंच तेल मोठ्या पानात विरळ होतं. संध्याताईंच्या गवती चहाचं हेच झालं.

दुसरा गट तुरट द्रव्यांचा, फिनॉल आणि टॅनिन. कडक उन्हातल्या अतिनील किरणांपासून पान स्वतःला जपतं, तेव्हा यातली बरीच द्रव्यं वाढतात. म्हणून एकाच झाडाचं सावलीतलं पान आणि उन्हातलं पान यांतही फरक पडतो, ऋतू तर पुढची गोष्ट.

तिसरा गट अल्कलॉइडांचा, आणि इथे काकांचा नियम अडखळतो. अल्कलॉइडला नत्र लागतं. त्यामुळे खत-पाणी मिळालेल्या कोवळ्या, जोमदार पानात ते कमीच असेल असं मुळीच नाही. उलट कोवळं पान किडीला आवडतं, म्हणून पुष्कळ झाडं तिथेच विषाचा साठा जास्त ठेवतात.

तेव्हा 'पावसात सगळंच पाणी' हा आजींचा निकाल मी पूर्ण मान्य करणार नाही. ताज्या पानाचा काढा करणाऱ्या आजींना पाणी जास्त वाटणारच. ताज्या अडुळशाच्या पानात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं आणि पावसात त्याहून थोडं चढतं. मूठभर पाल्यात औषध कमी आलं. पण तुम्ही वाळवून विकता. वाळवल्यावर हा फरक निघून जायला हवा होता.

कट_जास्त
रसायनवाली ताईंनी आजीला नापास केलं. आता आमच्यात घरी जेवायला मिळणार नाही.

वैद्य_मंगळवारपेठ
या विषयावर जुना वाद आहे, तो सांगण्यासारखा आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वनस्पतीचा कुठला भाग केव्हा घ्यावा ते दिलं आहे. कोवळ्या फांद्या आणि पानं वर्षा आणि वसंत ऋतूत घ्यावीत, मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात, गाभा हेमंतात. म्हणजे चरक पानं पावसाळ्यात घ्यायला सांगतो. आजींच्या बरोबर उलट!

सुश्रुतसंहितेत आणखी मजा आहे. काही आचार्य प्रत्येक ऋतूला एकेक भाग वाटून देतात, पान वर्षा ऋतूत वगैरे, असं आधी नोंदवलं आहे. मग लगेच म्हटलं आहे की हे बरोबर नाही. जग सौम्य (थंड स्वभावाचं) आणि आग्नेय (उष्ण स्वभावाचं) असं दोन प्रकारचं आहे. म्हणून सौम्य औषधं सौम्य ऋतूत आणि आग्नेय औषधं आग्नेय ऋतूत घ्यावीत. थोडक्यात, पान की मूळ यापेक्षा त्या औषधाचा स्वभाव पाहा. रसायनवाली जे म्हणतात की गटाप्रमाणे नियम बदलतो, त्याची मला यावरून आठवण झाली. दोन्ही एकच आहेत असा माझा दावा नाही.

जाता जाता: गरोदर बाईला घरच्या घरी अडुळशाचा काढा देऊ नका. व्हॅसिसीननं गर्भाशय आकुंचन पावतं. 'पाल्याचंच तर आहे' म्हणून दिलेला मी पाहिला आहे.

कट_जास्त
म्हणजे सुश्रुताच्या काळातही एकानं धागा काढला, दुसऱ्यानं खाली 'असहमत' लिहिलं.

निपाणीकर
आमच्याकडं तंबाखू. ऋतूइतकाच हात महत्त्वाचा, हे तंबाखूवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. फुलोरा यायला लागला की शेंडा खुडायचा, मग बगलफुटवे काढत राहायचे. न खुडलेल्या झाडाचं पान पातळ, बिडीला फिकं. खुडलेल्याचं जाड, चिकट आणि असं कडक की तोडणाऱ्याचे हात दिवसभर चरचरतात. कृषीच्या एका साहेबांनी सांगितलं होतं की निकोटीन पानात नाही, मुळात तयार होतं आणि वर चढतं. शेंडा मोडला की झाडाला वाटतं कुणीतरी खातंय, मग मुळं जास्त पाठवतात. अडुळशाला फुलं कधी येतात?

बांधावरचा
थंडीत. पांढरी, जबडा उघडल्यासारखी. शाळेत जाताना फूल उपटून देठाकडनं मध चोखायचो.

रसायनवाली
निपाणीकर, साहेबांनी बरोबर सांगितलं. आणि फुलोऱ्याचा मुद्दा मोठा आहे. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन ज्या झाडाच्या पानातून काढतात, त्यात ते फुलोऱ्याच्या तोंडावर सर्वांत जास्त असतं. चीनमधल्या ज्या संशोधिकेला त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं, त्या तू यूयू यांनाही पाला कुठल्या भागातला आणि कधी तोडलेला यानं फरक पडतो हे शिकावं लागलं. आपल्याकडे तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची रीत आहेच.

पानाचं वय हाही ऋतूसारखाच घटक. मेंथॉलच्या पुदिन्यात कोवळ्या पानात मेंथोन जास्त असतं, पान जून होत जाईल तसं त्याचं मेंथॉल होतं. आठवडाभर उशिरानं तोडलं तर बाटलीतला मालच बदलतो.

सासर_मडिकेरी
माहेर राजारामपुरी, सासर कोडगूत, म्हणजे कर्नाटकातल्या कूर्गमध्ये. आमच्याकडे अडुळशाच्याच कुळातलं एक झुडूप आहे, मद्दू सोप्पू, म्हणजे औषधी पाला. त्यांच्या कक्कड महिन्याच्या अठराव्या दिवशी, ३ ऑगस्टच्या आसपास, त्या पाल्यात अठरा औषधं उतरतात अशी श्रद्धा आहे. पाला उकळला की पाणी शाईसारखं जांभळं होतं. त्यात तांदूळ, गूळ, नारळाचं दूध घालून पायसम. पहिल्या वर्षी सासूबाईंनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून मी किंचाळत बाहेर आले, लघवी लाल! सगळं घर हसत होतं. 'औषध अंगी लागलं' म्हणाले.

तर ऐन धुवांधार पावसातच पाला सर्वांत औषधी मानणारेही लोक आहेत. त्यांच्या मते त्या दिवसाच्या आधी तोडलेल्या पाल्याला तो रंग आणि वास येत नाही.

शंकेखोर
आठराव्याच दिवशी अठरा औषधं! सतराव्या दिवशी सतरा का? हे आकडे जुळवणं आहे. आणि सगळेच ऋतू ऋतू करताय. द्वादशीला तुळस तोडायची नाही, अमावास्येला हे तोडायचं, ते तोडायचं. झाडाला पंचांग कळतं का?

सासर_मडिकेरी
शंकेखोर, अठराचं मीही मनावर घेत नाही. पण रंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. जूनमध्ये हौसेनं एकदा उकळला होता, पाणी फिकं आलं. दिवस नसेल कळत, महिना कळत असेल.

शाळामास्तर_करवीर
शंकेखोरांना माझ्याकडून गृहपाठ. महिना सोडा, पानाला घड्याळही कळतं. पानफुटी बहुतेकांच्या कुंडीत असते, पान मातीवर टाकलं की कडेनं रोपं फुटतात ती. तिच्या पानाचा बारीक तुकडा पहाटे जिभेवर ठेवा, आंबट लागेल. त्याच झाडाचा दुपारी चारला ठेवा, मिळमिळीत लागेल. चव घेऊन थुंका, गिळू नका, त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.

ही झाडं पाणी वाचवण्यासाठी रात्री पानाची रंध्रं उघडतात. आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उन्हात तो वापरून टाकतात. ही आंबट-फिकी चव बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतातच, १८१३ च्या सुमारास, नोंदवली. आमची आठवीची पोरं दरवर्षी हा प्रयोग करतात. एक मुलगा गेल्या वर्षी म्हणाला, "सर, सकाळी हिनं दात घासले नव्हते."

शंकेखोर
केला. आंबट होती. घड्याळ मान्य, पंचांग अजून नाही.

दाजीपूरवाला
विषय पानांचा आहे, तरी थोडं अवांतर. आपल्या घाटात नरक्या म्हणून झाड आहे. कॅन्सरवरच्या औषधाचं कॅम्प्टोथेसिन त्यात असतं. हे रसायन १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं आणि १९७२ मध्ये आपल्या नरक्यातही असल्याचं प्रसिद्ध झालं. पुढं त्याच्या लाकडापायी घाटातली झाडं चोरून, मुळासकट गेली. लहानपणी ज्या ओढ्याला दाट नरक्या पाहिला तिथं आता खोडांची भोकं आहेत. बांधावर लावून पाला विकणारे बांधावरचे दादा मला म्हणून आवडले. पान तोडलं तर झाड राहतं.

रंकाळ्याची_संध्या
शेवग्याचं कुणीच बोललं नाही! माझी आई आषाढात शेवग्याचा पाला खाऊ देत नसे, 'कडू होतो, बाधतो'. आणि कोकणातली माझी जाऊ गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याचीच भाजी करते. कोण खरं?

वैद्य_मंगळवारपेठ
आंबोळ्या.

कट_जास्त
वैद्यबुवा, आजवरचं सर्वांत पटलेलं निदान.

रसायनवाली
हसून झालं असेल तर मूळ प्रश्नाकडे. बांधावरचे दादा, माल परत आला तेव्हा काही कागद मिळाला का? आणि तोडला कसा, वाळवला कसा, ते अगदी खरं सांगा.

बांधावरचा
कागद आहे, आजच शोधला. ओलावा १५ टक्के. अल्कलॉइड त्यांच्या मर्यादेपेक्षा थोडं कमी. आणि एका ओळीत 'काड्या व काळी पडलेली पानं'.

तोडायला चार बायका लावल्या होत्या. पाऊस उघडत नव्हता म्हणून विळ्यानं फांद्याच छाटल्या. गोठ्याच्या माळ्यावर पसरल्या, पण एकावर एक. तिसऱ्या दिवशी हात घातला तर आतून गरम लागत होतं, शेणाच्या ढिगासारखं. वरचा पाला हिरवा, आतला काळा. जानेवारीत मात्र पानं ओरबाडून काढली, दोन दिवस ओसरीत सावलीला, करकरीत वाळली.

साखरशाळा
मग हिशेब मांडू. १०० किलोच्या पोत्यात १५ किलो पाणी म्हणजे कोरडा पाला ८५ किलो. ८ टक्क्यांपर्यंत वाळवला असता तर ९२ किलो. तोच पाला, पण नुसत्या ओलाव्यानं आकडा साडेसात टक्क्यांनी खाली दिसला. त्यात काड्या. काडीचं वजन भरतं, औषध पानाइतकं नसतं. उसात पाचट आणि वाढे आल्यावर उतारा पडतो, तसंच.

आणि ते आतून गरम लागणं. तोडलेला ऊस गाडीत तीन दिवस उभा राहिला की साखर फुटते, आम्ही शिव्या खायचो. तुमचा पाला माळ्यावर तसाच उभा राहिला.

रसायनवाली
काकांनी माझं काम केलं. एकच भर. तोडलेलं पान लगेच मरत नाही. ओलं असेपर्यंत त्यातली विकरं (एन्झाइम) चालू असतात, वरून बुरशी. शिवाय व्हॅसिसीन हवेत आणि उजेडात हळूहळू व्हॅसिसिनोन होतं. विद्यार्थीदशेत आमच्या दोन गटांना एकाच झुडपाचा पाला दिला होता. पाल्याचा अर्क तपासणीच्या पट्टीवर चढवून अल्कलॉइड दाखवणारं रसायन फवारलं की नारिंगी ठिपका येतो, अल्कलॉइड जास्त तितका ठळक. आमचा ठसठशीत आला, दुसऱ्या गटाचा शोधावा लागला. त्यांनी पाला आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत विसरला होता. ऋतू तोच, झुडूप तेच.

त्यामुळे दादा, तुमच्या पोत्यात ऋतू होता, पण तो पानात कमी आणि माळ्यावर जास्त होता. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शिरोळला त्याच्या एक दशांशाच्या आसपास. एकाच जिल्ह्यात 'ऑगस्टचा पाला' दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजींनी दिवाळी सांगितली ती बहुधा वाळवण्यासाठीही असेल.

बांधावरचा
आजी काढ्याला वाळवलेलाच पाला वापरायची! गाडग्यात भरून चुलीवरच्या फळीवर. हे आत्ता आठवलं. म्हणजे ती चुकली नव्हती.

शंकेखोर
पण दादा, यानं मूळ प्रश्न सुटत नाही. पानं सारखीच नीट वाळवली असती तर श्रावण आणि मार्गशीर्ष यांत फरक पडला असता का? ते अजून कुणी सांगितलं नाही.

रसायनवाली
खरं आहे. ते त्याच झाडांवर बघावं लागेल. तीन झुडपांना चिंध्या बांधा. दर महिन्याला त्याच तीन झुडपांची, शेंड्यापासून तिसरी-चौथी पानं, सकाळी त्याच वेळेला तोडा. एकेरी थर, सावली, पावसाळ्यात पंख्याखाली. करकरीत झाली की ५० ग्रॅम कागदी पिशवीत, वर महिना लिहून. प्लास्टिक नको. वर्षभराचे बारा ठिपके मी एका पट्टीवर घालून इथे फोटो टाकते.

बांधावरचा
करतो. चिंध्या आजीच्या जुन्या लुगड्याच्या बांधतो, तिचं नाव राहील. पहिली पिशवी या रविवारची. कुरिअरवाला गावात येत नाही, एसटीच्या पार्सलनं चालेल का? गारगोटी डेपोतनं थेट पुण्याला गाडी आहे.

रसायनवाली
चालेल. स्वारगेटला उतरवून घेते. पिशवीला दोरा घट्ट बांधा.

कट_जास्त
आणि पार्सलात एक किलो गूळही टाक भावा, त्याचाही ठिपका बघू दे ताईंना.